पोटॅशियम २,८,८,१ च का, २,८,९ का नाही? (आणि अणूबद्दल अजून दोन प्रश्न)

नवी_पालवी

नमस्कार. केमिस्ट्री परत पहिल्यापासून करायला घेतलीये, ह्या वेळी पाठांतर न करता, आणि अणूच्या पहिल्याच धड्यात तीन ठिकाणी अडकलेय. जेवढं कळलंय ते आधी लिहिते म्हणजे कुठून सांगायचं ते तुम्हाला कळेल. अणूच्या मधोमध केंद्रक, त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन, बाहेर इलेक्ट्रॉन. प्रोटॉनवर धन चार्ज, इलेक्ट्रॉनवर बरोब्बर तेवढाच ऋण, न्यूट्रॉनवर काहीच नाही. प्रोटॉन किती त्यावरून मूलद्रव्य कुठलं ते ठरतं, तो अणुअंक, आणि प्रोटॉन अधिक न्यूट्रॉन म्हणजे वस्तुमानांक. इलेक्ट्रॉनचं वजन धरतच नाहीत कारण प्रोटॉन त्याच्या १८३६ पट जड आहे. इथपर्यंत सगळं ठीक.

आता प्रश्न.

पहिला कवचांचा. दोन एन स्क्वेअर (एन म्हणजे आतून कितवं कवच) लावलं की पहिल्या म्हणजे के कवचात २, दुसऱ्या एल मध्ये ८, तिसऱ्या एम मध्ये १८ येतात. मग पोटॅशियमचे १९ इलेक्ट्रॉन २,८,९ असे बसायला पाहिजेत ना, एम मध्ये दहा जागा रिकाम्या पडल्यात. पण सगळीकडे २,८,८,१ लिहिलेलं असतं आणि कारण काय तर म्हणे शेवटच्या कवचात आठपेक्षा जास्त मावत नाहीत. हा नियम झाला, कारण नाही झालं. आणि अणूला काय माहीत की आपलं शेवटचं कवच कुठलं?

दुसरा, इलेक्ट्रॉन ऋण आणि केंद्रक धन, मग तो सरळ जाऊन केंद्रकात पडत का नाही? एका ठिकाणी वाचलं की तो फिरत असतो म्हणून, दुसऱ्या ठिकाणी वाचलं की तो फिरतच नाही. दोन्ही एकदम खरं कसं असेल?

तिसरा, क्लोरीनचं अणुवस्तुमान ३५.५, म्हणजे अर्धा न्यूट्रॉन? आणि तक्त्यात आर्गॉन ३९.९५ आधी आणि पोटॅशियम ३९.१० नंतर, जड आधी हलकं नंतर, हे उलटं कसं काय?

कितीही मोठं उत्तर चालेल, मी सगळं वाचणार आहे.

घनमूळ

तिसऱ्याचं पटकन सांगतो, बाकीचं जाणकार सांगतीलच.

अर्धा न्यूट्रॉन नसतो आणि ३५.५ वस्तुमानाचा क्लोरीनचा अणू शोधून सापडणार नाही. निसर्गात क्लोरीनचे दोन प्रकारचे अणू मिळतात, दोन्हीत प्रोटॉन १७ च, पण एकात न्यूट्रॉन १८ (म्हणजे क्लोरीन-३५) आणि दुसऱ्यात २० (क्लोरीन-३७). ह्यांनाच समस्थानिकं म्हणतात. पहिला प्रकार साधारण ७६ टक्के, दुसरा २४ टक्के. शंभर अणू घे, ७६ गुणिले ३५ म्हणजे २६६०, २४ गुणिले ३७ म्हणजे ८८८, बेरीज ३५४८, भागिले शंभर, ३५.४८. तक्त्यात ३५.४५ असतं कारण मी टक्केवारी राउंड केलीय आणि शिवाय अणूंची खरी वस्तुमानं बरोब्बर ३५ आणि ३७ नसून ३४.९७ आणि ३६.९७ आहेत.

म्हणजे वस्तुमानांक हा कण मोजून आलेला आकडा, तो पूर्णच असणार, आणि अणुवस्तुमान ही निसर्गात जे मिश्रण मिळतं त्याची सरासरी. ही दोन नावं सारखी दिसतात म्हणून घोळ होतो, एकच समजू नकोस.

आर्गॉन-पोटॅशियमचं पण हेच. आर्गॉन जवळजवळ सगळाच्या सगळा आर्गॉन-४० असतो (१८ प्रोटॉन, २२ न्यूट्रॉन). पोटॅशियम मात्र ९३ टक्के पोटॅशियम-३९ असतं (१९ प्रोटॉन, २० न्यूट्रॉन). प्रोटॉन एक जास्त पण न्यूट्रॉन दोन कमी, म्हणून सरासरी खाली येते. क्रम प्रोटॉनवर लागतो, १८ नंतर १९, वजनाचा त्यात संबंध नाही. आधी वजनावरच लावायचे आणि असल्या जोड्यांपाशी अडायचे. १९१३ मध्ये मोझले नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने वेगवेगळ्या मूलद्रव्यांचे एक्स-रे मोजले तेव्हा दिसलं की त्यांच्या फ्रिक्वेन्सीचं वर्गमूळ काढलं तर ते प्रत्येक मूलद्रव्यागणिक एकेक सारख्या पायरीने वाढत जातं. अणुअंक हा नुसता तक्त्यातला रोल नंबर नाही, केंद्रकावरचा चार्जच आहे, हे तिथे पक्कं झालं. बिचारा २७ व्या वर्षी पहिल्या महायुद्धात मारला गेला, १९१५ साली.

खडूफळा

पहिल्या प्रश्नावर सविस्तर लिहितो, कारण बहुतेक ठिकाणी "असा नियम आहे" एवढ्यावर विषय सोडून देतात आणि मुलांना वाटायला लागतं की केमिस्ट्री म्हणजे नियम आणि त्यांचे अपवाद. तसं नाहीये. कवचं कोणीतरी कागदावर बसून ठरवलेली नाहीत, ती मोजता येतात, आणि कशी मोजतात ते एकदा बघितलं की तुझा प्रश्न अर्धा तिथेच सुटतो.

वर्तुळांचं चित्र थोडा वेळ बाजूला ठेव. सोडियमचा अणू घे, वायुरूपातला सुटा अणू, ११ इलेक्ट्रॉनवाला. त्यातून एकेक इलेक्ट्रॉन काढत जायचं आणि प्रत्येकाला किती एनर्जी लागली ते लिहायचं. ह्याला आयनीभवन ऊर्जा म्हणतात. किलोज्यूल प्रति मोल मध्ये आकडे असे आहेत, आणि हे सगळे मोजलेले आकडे आहेत:

४९६, ४५६२, ६९१०, ९५४३, १३३५४, १६६१३, २०११७, २५४९६, २८९३२, १४१३६२, १५९०७६.

आता हे सावकाश वाच. दर वेळी आकडा वाढणार हे उघडच आहे, कारण एक ऋण कण गेला की उरलेल्यांवर केंद्रकाची पकड घट्ट होते. पण कसा वाढतो ते बघ. पहिला ४९६ ला सुटला आणि दुसऱ्याला एकदम ४५६२, म्हणजे नऊपट. मग दुसऱ्यापासून नवव्यापर्यंत आकडे रांगेत चढत जातात, कुठे धक्का नाही. नववा २८९३२ आणि दहावा १४१३६२, परत जवळपास पाचपट उडी. म्हणजे आधी १ सुटा, मग ८ चा एक गट, मग २ चा एक गट. १,८,२. आतून बाहेर वाचलं की २,८,१.

बघ, इथे कोणी वर्तुळं काढली नाहीत. अणूनेच सांगितलं की माझे इलेक्ट्रॉन तीन गटांत आहेत. कवच म्हणजे हे. जवळपास सारख्या एनर्जीने धरून ठेवलेल्या इलेक्ट्रॉनांचा गट. आणि सोडियम एक इलेक्ट्रॉन देऊन Na⁺ होऊन का थांबतं, दोन का देत नाही, ते पण ह्या नऊपटीत आलं. ४९६ ची परतफेड बाकीच्या रिॲक्शनमधून होते, ४५६२ ची होत नाही.

आता पोटॅशियम. तुझं २,८,९ खरं असतं तर पहिले नऊ इलेक्ट्रॉन सलग एकाच रांगेत सुटायला हवे होते. मोजलेले आकडे हे: ४१९, ३०५२, ४४२०, ५८७७, ७९७५, ९५९०, ११३४३, १४९४४, १६९६४, ४८६१०. पहिल्या आणि दुसऱ्यामध्ये सातपट फरक आहे. मग आठ जणांची रांग, आणि दहाव्याला परत उडी. म्हणजे एकोणिसावा इलेक्ट्रॉन त्या आठांमधला नाहीच, तो वेगळा, सैल, बाहेरचा आहे. २,८,८,१ हे मोजून आलेलं उत्तर आहे, आठचा नियम नंतर बसवलाय.

आता असं का, ते. एम कवच म्हणजे एकसंध अठरा जागा नाहीत. त्यात तीन उपकवचं आहेत, ३एस मध्ये २, ३पी मध्ये ६ आणि ३डी मध्ये १०. बेरीज १८, दोन एन स्क्वेअर म्हणतं ते बरोबर आहे, पण ते फक्त एकूण क्षमता सांगतं, कधी भरायचं ते सांगत नाही. ज्या अणूत एकच इलेक्ट्रॉन आहे तिथे ह्या तिघांची एनर्जी जवळपास एकच असते. पण इलेक्ट्रॉन जास्त झाले की आतले इलेक्ट्रॉन बाहेरच्यांपासून केंद्रक झाकतात, आणि इथे फरक पडतो. एस प्रकारचा इलेक्ट्रॉन आतल्या इलेक्ट्रॉनांना भेदून थेट केंद्रकाजवळही थोडाफार सापडतो, म्हणून त्याला केंद्रकाची ओढ जास्त जाणवते. डी प्रकारचा केंद्रकाजवळ जवळपास येतच नाही, त्याला झाकलेलं, कमी झालेलं केंद्रक मिळतं. त्यामुळे पोटॅशियमपाशी ४एस ची एनर्जी ३डी च्या खाली जाते. चौथ्या नंबरचं असूनही. एकोणिसाव्या इलेक्ट्रॉनला स्वस्तातली जागा ४एस आहे, तो तिथे जातो.

"अणूला काय माहीत शेवटचं कवच कुठलं" हा तुझा मुद्दा अगदी योग्य आहे, त्याला काही माहीत नसतं आणि त्याची गरज पण नाही. दर वेळी एस आणि पी भरून आठ झाले की पुढचा इलेक्ट्रॉन त्याच कवचाच्या डी पेक्षा पुढच्या कवचाच्या एस मध्ये जातो, म्हणून बाहेरून बघणाऱ्याला शेवटी आठपेक्षा जास्त सहसा दिसत नाहीत. आणि ती उरलेली दहाची जागा वाया जात नाही. कॅल्शियम २,८,८,२ झालं, ४एस भरलं, की पुढचं स्कँडियम २,८,९,२. तो तुझा ९ दोन घरं पुढे आला. तिथून जस्तापर्यंत ते दहा भरत जातात, जस्त २,८,१८,२.

साधा_सरळ

दुसऱ्या प्रश्नात एवढं काय आहे, इलेक्ट्रॉन फिरतो म्हणून पडत नाही. चंद्र पृथ्वीवर पडतो का? वेग आणि ओढ यांचा तोल साधला की झालं.

अवकाश_वाचक

@साधा_सरळ चंद्राचा दाखला इथे टिकत नाही, कारण इलेक्ट्रॉनवर चार्ज आहे. चार्ज असलेली वस्तू वळणावर फिरत राहिली की ती प्रकाशाच्या, लहरींच्या रूपात एनर्जी सोडत राहते, हे १९ व्या शतकातच माहीत झालेलं होतं. एनर्जी गेली की फेरा लहान होणार, फेरा लहान झाला की अजून जोरात सोडणार. हिशेब केला तर हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन सेकंदाच्या अब्जाव्या भागाहूनही कितीतरी कमी वेळात केंद्रकात जाऊन पडायला हवा. रदरफर्डने १९११ मध्ये केंद्रक मांडलं तेव्हा हीच सगळ्यात मोठी अडचण होती. बोहरने १९१३ मध्ये सांगितलं की काही ठरावीक कक्षांमध्ये इलेक्ट्रॉन एनर्जी सोडत नाही, आणि त्यावरून हायड्रोजनच्या प्रकाशाच्या रेषा अचूक निघाल्या. पण का सोडत नाही हे बोहरकडे पण नव्हतं, ते त्याने गृहीत धरलं होतं. म्हणून पालवी, तुला जे "फिरतो" वाचायला मिळालं ते बोहरच्या वेळचं, आणि "फिरत नाही" हे १९२६ नंतरचं, श्रोडिंगरचं समीकरण आल्यावरचं. दोन वेगवेगळ्या काळातली उत्तरं एकाच पानावर छापतात आणि वाचणाऱ्याला सांगत नाहीत.

नंतरचं उत्तर थोडक्यात असं. इलेक्ट्रॉन म्हणजे ठरलेल्या वाटेवरून जाणारी गोळी नाही, त्याला लहान जागेत कोंडलं तर त्याची गतिज ऊर्जा आपोआप वाढते. कोणी ढकलावं लागत नाही, कोंडण्यामुळेच वाढते. आता दोन गोष्टी एकमेकांविरुद्ध आहेत. पसारा अर्धा केला की केंद्रकाच्या ओढीमुळे होणारा फायदा दुप्पट होतो, पण कोंडल्यामुळे वाढणारी गतिज ऊर्जा चौपट होते. लांब असताना फायदा मोठा, म्हणून इलेक्ट्रॉन जवळ येतो. फार जवळ गेला की चौपटीचा खर्च दुपटीच्या फायद्याला मागे टाकतो. मधे एक जागा अशी येते की तिथून आत गेलं तरी तोटा आणि बाहेर गेलं तरी तोटा. हायड्रोजनसाठी ती साधारण ५३ पिकोमीटर (पिकोमीटर म्हणजे मीटरच्या अब्जाव्या भागाचा हजारावा भाग). अणूचा आकार तिथून येतो. आणि एनर्जी सोडायची म्हणजे खालच्या पायरीला जायचं, सगळ्यात खालच्या पायरीच्या खाली पायरीच नाही, म्हणून प्रकाश सोडायचा प्रश्नच संपतो.

पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ती नेमकी पोटॅशियमचीच आहे. वर खडूफळा सरांनी लिहिलंय की एस प्रकारचा इलेक्ट्रॉन केंद्रकाजवळही सापडतो. नुसता जवळ नाही, केंद्रकाच्या आतसुद्धा सापडायची थोडी शक्यता असते. बहुतेक अणूंमध्ये त्याने काही बिघडत नाही. हायड्रोजनमध्ये प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन मिळून न्यूट्रॉन व्हायचं म्हटलं तरी न्यूट्रॉनच हायड्रोजनच्या अणूपेक्षा जड पडतो, म्हणजे वरून एनर्जी घालावी लागेल, ती आणणार कुठून. पण पोटॅशियम-४० मध्ये हिशेब जुळतो. तिथे कधीतरी आतला एखादा इलेक्ट्रॉन केंद्रक खरोखर गिळतं, एका प्रोटॉनचा न्यूट्रॉन होतो, अणुअंक १९ चा १८ होतो आणि पोटॅशियमचा आर्गॉन होतो. पोटॅशियम-४० चे जे अणू बदलतात त्यातले शंभरातले साधारण ११ ह्या वाटेने जातात, बाकीचे कॅल्शियम होतात. अर्धायुष्य १२५ कोटी वर्षं. हवेत एक टक्क्याच्या जरा आत जो आर्गॉन आहे त्यातला बहुतेक सगळा असाच खडकांतल्या पोटॅशियमपासून पृथ्वीच्या आयुष्यात साठत आलाय. @घनमूळ ने सांगितलं ना की आर्गॉन जवळजवळ सगळा ४० च असतो, त्याचं कारण हे. पालवीच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाची गाठ इथे बसते, मला हे फार सुंदर वाटतं.

नवी_पालवी

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, दोनदा वाचलं. सोडियमचे अकरा आकडे वहीत उतरवून उड्या लाल पेनने मार्क केल्या, खरंच १,८,२ दिसतं, आणि पोटॅशियमचं बघून तर २,८,९ डोक्यातून गेलंच.

आता अजून दोन शंका आल्यात. एक म्हणजे मग पुस्तकातली ती वर्तुळं काढायचीच नाहीत का? परीक्षेत तर तीच काढायला सांगतात. दुसरी, ४एस जर ३डी च्या खाली आहे तर लोखंडातून इलेक्ट्रॉन काढताना आधी ३डी मधले निघायला पाहिजेत ना, वरचे आधी? पण फेरसमध्ये शेवटच्या कवचातले दोन गेलेले दाखवतात.

निळी_ज्योत

दुसरी शंका मी घेते. "४एस खाली" हे पोटॅशियम-कॅल्शियमपाशी खरं आहे, ते कायमचं नाही. स्कँडियमपासून पुढे केंद्रकावरचा चार्ज वाढत जातो आणि ३डी मध्ये इलेक्ट्रॉन बसायला लागले की ३डी आत ओढलं जातं, आणि अणूला आयन करायची (इलेक्ट्रॉन काढून चार्ज असलेला कण करायची) वेळ येते तेव्हा ४एस मधलेच जास्त सैल असतात. म्हणून लोखंड २,८,१४,२, फेरस झालं की २,८,१४, आणि फेरिकमध्ये ३डी मधला एक अजून जातो, २,८,१३. भरायचा क्रम आणि काढायचा क्रम एकच असलाच पाहिजे असं काही नाही, कारण लोखंडाचा आयन म्हणजे कमी प्रोटॉनचा अणू नव्हे, त्यात प्रोटॉन २६ च आहेत. हे वाक्य जरा थांबून वाच, बऱ्याच जणांचा गोंधळ इथेच असतो.

आता माझ्या कामातलं एक सांगते. मी लॅबमध्ये फ्लेम फोटोमीटरवर (ज्योतीतून येणारा प्रकाश मोजणारं मशीन) सोडियम-पोटॅशियम मोजते, म्हणजे ह्या शेवटच्या एकट्या इलेक्ट्रॉनशीच माझा रोजचा संबंध आहे. तुला कधी संधी मिळाली तर मशीनच्या आधी साधी ज्योत चाचणी बघ. नायक्रोमची तार ॲसिडमध्ये बुडवून स्वच्छ जाळून घ्यायची, पोटॅशियमच्या मिठाचे दोन कण लावायचे आणि बर्नरच्या निळ्या ज्योतीच्या कडेला धरायची. फिकट जांभळी ज्योत यायला पाहिजे. पण बहुतेक वेळा येते पिवळी धमक, कारण कुठून तरी बोटाचा घाम लागलेला असतो आणि सोडियमचा एवढासा अंश पण सगळं झाकून टाकतो. मग निळी कोबाल्टची काच डोळ्यासमोर धरायची, ती पिवळा अडवते, आणि मागून जांभळट-लालसर ज्योत स्वच्छ दिसते. पहिल्यांदा बघणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

तो पिवळा म्हणजे ५८९ नॅनोमीटर, सोडियमचा तो अकरावा इलेक्ट्रॉन ३एस मधून ३पी मध्ये चढतो आणि परत उतरताना तेवढाच प्रकाश सोडतो. पोटॅशियमच्या एकोणिसाव्याच्या ठळक रेषा ७६६ आणि ७७० नॅनोमीटरच्या आसपास, एकदम लालच्या टोकाला, डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या, आणि थोडा ४०४ च्या आसपासचा जांभळा, म्हणून मिळून तसा रंग दिसतो. रंग नेहमी तोच, कितीही वेळा करा, कारण दोन पायऱ्यांमधलं अंतर ठरलेलं आहे. खडूफळा सरांनी काढण्याची एनर्जी सांगितली, ही चढण्या-उतरण्याची. अणूच्या आत काय आहे ते कोणी डोळ्यांनी बघितलं नाही, ह्या दोन प्रकारच्या आकड्यांवरूनच बरंचसं कळलं.

साधा_सरळ

चांगली माहिती मिळतेय. मग ते अणू ९९ टक्के पोकळ असतो वगैरे म्हणतात ते कितपत बरोबर?

अवकाश_वाचक

वजनाच्या बाबतीत बरोबर, जागेच्या बाबतीत जपून. हायड्रोजनमध्ये प्रोटॉनची त्रिज्या ०.८४ फेम्टोमीटर (पिकोमीटरचा हजारावा भाग), अणूची ५३ पिकोमीटर, म्हणजे साठ हजार पटींहून जास्त. आणि वजन मात्र ९९.९ टक्क्यांच्या वर त्या टिचभर केंद्रकात. हेच सोन्याच्या पत्र्याच्या प्रयोगात दिसलं होतं. गायगर आणि मार्सडेनने १९०९ मध्ये अल्फा कण (म्हणजे हेलियमची केंद्रकं) मारले, बहुतेक जवळपास सरळ पार गेले आणि अगदी थोडे उलटे फिरून आले. सरळ गेले ते वाटेत काहीच नव्हतं म्हणून नव्हे. अल्फा कण इलेक्ट्रॉनच्या ७३०० पट जड असतो, त्याला इलेक्ट्रॉन वळवूच शकत नाही. जे उलटे आले ते मात्र कशावर तरी आपटले जे लहान, जड आणि धन होतं.

इलेक्ट्रॉनचा विचार केला तर अणू रिकामा नाही, तो पूर्ण जागाभर पसरलेला असतो. आणि दोन अणू एकमेकांत घुसत नाहीत, हात टेबलाच्या आरपार जात नाही, ह्याचं कारण पण तोच. ऋण-ऋण ढकलतात हे एक, पण त्याहून मोठं कारण म्हणजे दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत, पाउलीने १९२५ मध्ये मांडलेलं तत्त्व. प्रत्येक उपकवचाची जागा ठरलेली का, २, ६, १० च का, सगळेच खालच्या पायरीवर का गर्दी करत नाहीत, ते पण त्याच तत्त्वामुळे. ते नसतं तर सगळ्या मूलद्रव्यांचे सगळे इलेक्ट्रॉन १एस मध्ये बसले असते आणि केमिस्ट्री नावाला उरली नसती.

खडूफळा

@नवी_पालवी वर्तुळं बिनधास्त काढ. फक्त ती काय आहेत ते लक्षात ठेव. तो अणूचा नकाशा नाही, ती जमाखर्चाची वही आहे. कुठल्या एनर्जीच्या खात्यात किती इलेक्ट्रॉन, एवढंच ती सांगते, आणि त्यासाठी ती उत्तम आहे. संयुजा (अणू किती बंध करू शकतो तो आकडा) काढायची, कोण देणार कोण घेणार ते बघायचं, बंध किती होणार ते बघायचं, पहिल्या वीस मूलद्रव्यांपर्यंत तिच्यावर भागतं. तिच्यावरून इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातोय ते विचारायला गेलीस की ती उत्तर देणार नाही, कारण ते त्यात लिहिलेलंच नाही.

आता तुला एक काम. एका मूलद्रव्याच्या आयनीभवन ऊर्जा देतो, ह्या सगळ्याच्या सगळ्या आहेत, पुढे काढायला इलेक्ट्रॉन उरत नाही:

८०१, २४२७, ३६६०, २५०२६, ३२८२७.

मूलद्रव्य कुठलं, इलेक्ट्रॉन कसे बसलेत, आणि ते किती बंध करेल ते सांग. तक्ता बघायचा नाही.

नवी_पालवी

पाच आकडे म्हणजे पाच इलेक्ट्रॉन, अणू न्यूट्रल होता म्हणजे पाच प्रोटॉन, अणुअंक ५, बोरॉन. पहिले तीन एका रांगेत, मग चौथ्याला जवळपास सातपट उडी, मग दोन. ३,२ उलटं म्हणजे २,३. बाहेर तीन आहेत म्हणून संयुजा ३. पण मला एक कळेना, पहिल्या तिघांत पण ८०१ ते २४२७ तिप्पट झालंय, ती उडी धरायची नाही का? मी धरली नाही कारण पुढची सातपटीची फारच मोठी दिसली, पण नुसतं मोठी दिसली म्हणून हे कारण मला पटत नाहीये.

खडूफळा

बोरॉन बरोबर, मांडणी बरोबर, आणि शंका तर उत्तराहून चांगली आहे.

८०१ वाला २पी मधला आहे, त्याच्या पुढचे दोन २एस मधले. एकाच कवचातली दोन उपकवचं, म्हणून मधे छोटी पायरी आहे, तुला दिसली ती खरी आहे. शिवाय पहिला इलेक्ट्रॉन गेल्यावर दुसऱ्याला एक जास्तीचा धन चार्ज सोडून जायचं असतं, पहिल्याच्या दुप्पट, तिसऱ्याला तिप्पट. म्हणून सुरुवातीचे आकडे पटीत वाढलेले दिसणारच. उडी ओळखायची असेल तर आकड्याला तो कितव्या नंबरचा आहे त्याने भाग. ८०१ भागिले १, २४२७ भागिले २, ३६६० भागिले ३ असं कर: ८०१, १२१४, १२२०. आणि पुढचे दोन ६२५७ आणि ६५६५. आता बघ, कवच कुठे बदललं ते वादातीत आहे, आणि ८०१ चा पी इलेक्ट्रॉन थोडा वेगळा पडलेला पण दिसतोय. सोडियमच्या अकरा आकड्यांवर हेच करून बघ, ते आठ जण आत दोन आणि सहा असे वाटलेले आहेत, फट लहान आहे पण सापडते का बघ.

आणि शेवटचा आकडा सोडू नकोस. चार इलेक्ट्रॉन गेले की बोरॉनमध्ये उरतो एक इलेक्ट्रॉन आणि समोर केंद्रक, झाकायला कोणी नाही, म्हणजे हायड्रोजनसारखीच अवस्था, फक्त केंद्रकावर चार्ज पाच. हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन काढायला १३१२ लागतात. ३२८२७ ला १३१२ ने भाग. २५ येतात, पाचाचा वर्ग. हेलियमचा दुसरा ५२५०, भागिले १३१२, चार. लिथियमचा तिसरा ११८१५, नऊ. सोडियमचा अकरावा १५९०७६, तो तू काढ.

नवी_पालवी

१२१.२. अकराचा वर्ग १२१. मग ते ०.२ कुठून आले?

अवकाश_वाचक

अकरा चार्जच्या केंद्रकाजवळ इलेक्ट्रॉनचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या आठ टक्क्यांच्या आसपास जातो, तिथे सापेक्षतावादाची दुरुस्ती लागायला सुरुवात होते. तक्त्यातल्या खालच्या, जड मूलद्रव्यांमध्ये हे वाढत जातं, सोन्याचा पिवळा रंग त्यामुळेच आहे. त्याचा वेगळा धागा काढ, इथे मावणार नाही.